सतरा नंबरचा फॉर्म आणि आम्ही सहाजण

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात वाचून दाखविलेल्या मनोगताचा हा मजकूर आहे.)



वाचून एकच जण दाखवते आहे, पण लिहिले आहे आम्ही सहाजणांनी मिळून. कुणाचे वाक्य कुठले ते विचारू नका, आम्हालाही आता सांगता यायचे नाही. अध्यक्षांनी सांगितले, "तुम्ही दहावीला बसलात, त्याच्यावर बोला." आम्ही म्हटले, त्यात बोलण्यासारखे काय? शाळेतली पोरे दरवर्षी बसतात. तर ते म्हणाले, "शाळेतली पोरे बसतात, पण आपल्या गल्लीत चाळीस-पन्नास वयाची किती माणसे सातवी-आठवीवर थांबलीत ते मोजा एकदा." आम्ही मोजले. आमच्या एका गल्लीत एकवीस निघाली. म्हणून आज उभे आहोत.

आम्ही सहाजण म्हणजे कोण, ते आधी सांगतो. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या ताई, वय ४४, आठवीतून शाळा सुटली. अंगणवाडीतल्या मदतनीस ताई, वय ३८, नववी नापास. शिलाईवाल्या ताई, वय ४६, सातवी पास. हॉस्पिटलात आयाचे काम करणाऱ्या मावशी, वय ५२, सहावी. धाकट्या वहिनी, वय २९, नववी झाली आणि लग्न झाले. आणि आमच्यातले एकटे पुरुष, सिक्युरिटीवाले दादा, वय ४१, दहावीला एकदा बसले होते, पाच विषय गेले. ही वये परीक्षेच्या वर्षातली आहेत. सातव्या आमच्या आजी. त्या रोज वर्गाला यायच्या, पण परीक्षेला बसू शकल्या नाहीत. त्यांचे नंतर सांगतो.

सुरुवात झाली २०२३ च्या जून महिन्यात. मावशींच्या हॉस्पिटलात कायम करायची यादी निघाली. मावशी तिथे अकरा वर्षे काम करतात. यादीत त्यांचे नाव नव्हते. साहेबांना विचारले तर म्हणाले, "मावशी, दहावीचा कागद आणा." मावशींकडे दहावीचा कागद होता! हे ऐकून आम्ही चाटच पडलो. तीन वर्षांपूर्वी एका एजंटने त्यांच्याकडून चौदा हजार रुपये घेऊन 'परीक्षा न देता दहावी' करून दिली होती. गुळगुळीत कागद, सोनेरी शिक्का, वर कुठल्याशा दिल्लीच्या बोर्डाचे नाव. तो कागद त्यांनी दाखवला, तर क्लार्कने पाच मिनिटांत परत दिला. त्या बोर्डाला मान्यताच नव्हती. वर साहेब म्हणाले, "खोटा कागद दिला म्हणून कारवाई करत नाही, हेच नशीब समजा." मावशी त्या रात्री विहाराच्या पायरीवर बसून रडत होत्या. चौदा हजार गेले त्याचे नव्हे. म्हणाल्या, "मला चोर समजले."

बंधू-भगिनींनो, हे आधीच सांगून ठेवतो. परीक्षेला न बसता दहावी कुणीही देऊ शकत नाही. जो देतो म्हणतो त्याला चहासुद्धा पाजू नका. खरे रस्ते आहेत, आणि ते एजंटच्या निम्म्याहूनही कमी पैशात होतात.

पहिला रस्ता आम्ही धरला तो. आपल्या महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म. शाळा सोडलेल्या माणसाने खाजगी विद्यार्थी म्हणून नाव नोंदवायचे आणि मार्चमध्ये शाळेतल्या मुलांबरोबर तोच पेपर द्यायचा. किमान पाचवी पास असले पाहिजे आणि वयाची १४ वर्षे पूर्ण झालेली पाहिजेत. वरची वयाची अट नाही. हे वाक्य आम्ही तीनदा वाचले होते, कारण आमचा विश्वासच बसेना. फॉर्म पावसाळ्यात निघतात आणि आता ऑनलाइन भरावे लागतात. भरताना जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची. तोंडी परीक्षा, विज्ञानाची प्रात्यक्षिके, वह्या तपासणे हे सगळे त्या शाळेत होते. तारीख चुकली तर लेट फी, आणि ती पण चुकली तर वर्ष गेले.

दुसरा रस्ता रात्रशाळेचा. जिथे जवळ रात्रशाळा आहे तिथे आमच्या मते तोच चांगला, कारण शिकवायला शिक्षक असतात. पण आमच्यातल्या कुणालाच संध्याकाळी सहाला सुट्टी होत नाही. तिसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, ज्याला आता एन.आय.ओ.एस. म्हणतात. १९८९ साली ती स्वायत्त संस्था झाली. तिथे एकदा नाव घातले की पाच वर्षे चालते, वर्षातून दोनदा परीक्षा होते, एकेक-दोनदोन विषय सोडवत गेले तरी चालते, आणि मराठीतून पेपर देता येतो. ज्याला एकदम सहा विषयांचे ओझे झेपत नाही त्याला तो रस्ता बरा. आम्ही तो का घेतला नाही? खरे सांगायचे तर हट्ट. शिलाईवाल्या ताई म्हणाल्या, "ज्या बोर्डाने माझी पोरं पास केली, त्याच बोर्डाची पाहिजे."

आता कागदांची गोष्ट. अभ्यासापेक्षा कागदांनी आम्हाला जास्त रडवले. फॉर्मला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. नसेल तर शाळेतून दुय्यम प्रत आणायची आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचे. सहाजणांपैकी मूळ दाखला दोघांकडेच होता. मदतनीस ताईंचा दाखला २००५ च्या पुरात गेला. पोळीभाजीवाल्या ताईंचा सासरी कुठल्या पेटीत होता ते कुणालाच माहीत नाही. शिलाईवाल्या ताईंची शाळा परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात. रात्रीच्या गाडीने गेल्या, सकाळी शाळेत हजर. हेडमास्तर त्यांच्यापेक्षा वयाने लहान. जनरल रजिस्टर काढले. १९९० सालचे पान उंदराने खालच्या कोपऱ्यातून खाल्लेले, पण ताईंचे नाव शाबूत. नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख एक जून.

एक जूनचे हसू नका. आमच्या सहाजणांपैकी चौघांचा वाढदिवस एक जून आहे. शाळेत घालताना गुरुजींनी विचारले असेल, "कधी झाली पोरगी?" बाप म्हणाला असेल, "पाणकळ्याच्या तोंडावर." झाले, एक जून. फॉर्म तपासणारी मॅडम एकाखाली एक चार फॉर्म बघून म्हणाली, "तुम्ही सगळे सख्खे भाऊबहीण का?"

त्या पानावर शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचे कारण लिहिलेले असते. शिलाईवाल्या ताईंच्या नावापुढे लिहिले होते, "पालकांच्या इच्छेने." ताई सांगतात की त्या ओळीवर बोट ठेवून त्या बराच वेळ बसल्या. बापाने शाळेतून काढली ती ऊसतोडीला जायचे म्हणून. लहान भावाला कोण सांभाळणार? बापाची इच्छा होती असे त्यांना कधी वाटले नव्हते. पण सरकारी कागदावर तसे लिहिलेले आहे आणि त्याच कागदावर त्यांचे पुढचे सगळे काम अडले होते. मुकाट्याने प्रत घेतली आणि परत आल्या.

आणि एक गोष्ट. फॉर्मवर नाव दाखल्याप्रमाणे येते. म्हणजे आम्हा बायकांची नावे माहेरची. वीस-पंचवीस वर्षांनी हॉलतिकिटावर बापाचे नाव आणि माहेरचे आडनाव. धाकट्या वहिनींच्या सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे पास झालीस तर नाव तिकडच्यांचे होणार?" वहिनी म्हणाल्या, "आई, नापास झाले तरी तिकडच्यांचेच होईल." सासूबाईंना ते पटले.

नोंदणी, परीक्षा फी, फोटो, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र असे सगळे धरून प्रत्येकी दोन-अडीच हजार खर्च आला. फी दरवर्षी बदलते, तेव्हा मंडळाचे त्या वर्षीचे पत्रक बघावे. पुस्तके जवळजवळ फुकट मिळाली, कारण पोळीभाजीवाल्या ताईंची मुलगी त्याच वर्षी दहावीला होती. शिवाय बालभारतीची पुस्तके मोबाइलवर फुकट उतरवता येतात. पण मोबाइलवर वाचून आमच्या डोक्यात काही जात नव्हते, ते सोडून द्या.

वर्ग विहाराच्या हॉलमध्ये. संध्याकाळची वंदना झाली की साडेआठ ते दहा. शिकवायला वस्तीतले निवृत्त गुरुजी आणि कॉलेजात जाणारी तीन मुले. समितीने ट्यूबलाइट वाढवून दिल्या, त्याबद्दल आभार. पंखा अजून दुरुस्त व्हायचा आहे, हेही अध्यक्षांच्या कानावर घालतो.

पहिला महिना फुकट गेला. का, ते सांगताना लाज वाटते. शिलाईवाल्या ताई आणि मावशी दोघींना पुस्तकातले काही कळेना. गुरुजी समजावत, त्या मान डोलावत, आणि घरी जाऊन रडत. "आमचं डोकंच गेलं, आता काही शिरत नाही." एक दिवस गुरुजींनी फळ्यावरचे शब्द वाचायला सांगितले. मावशींनी 'अपवर्तन' हा शब्द 'आवर्तन' असा वाचला, शिलाईवाल्या ताईंनी तर भलतेच काहीतरी. गुरुजींनी आपला चष्मा काढून मावशींच्या डोळ्यावर ठेवला. मावशी म्हणाल्या, "अगं बाई." दुसऱ्या दिवशी दोघींनी डोळे तपासून घेतले. डोके जागेवरच होते, चाळिशी लागली होती इतकेच. वीस वर्षे सुईत दोरा ओवणाऱ्या ताईंना हे कळले नव्हते, कारण अलीकडे दोरा मुलगी ओवून द्यायची. तेव्हा ज्यांना चाळिशीनंतर बसायचे आहे त्यांनी पुस्तकाच्या आधी चष्मा घ्यावा.

दुसरी अडचण हाताची. वाचणे परत येते, पण लिहिणे लवकर येत नाही. भाषेचा पेपर तीन तास, ८० गुणांचा. आम्ही शेवटचे सलग लिहिले ते कधी? किराण्याची यादी, नाहीतर बचत गटाचे रजिस्टर. अर्ध्या पानानंतर अंगठा दुखायचा. गुरुजींनी नेम घालून दिला, रोज एक पान, काहीही लिहा, पण घड्याळ लावून. मावशी ड्यूटीवर काय काय झाले ते लिहायच्या. दादा रात्री गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर निबंध लिहायचे. डिसेंबरपर्यंत एका तासात चार पाने जायला लागली.

आता विषयांचे. एकूण सहा विषय, प्रत्येकी शंभर गुण. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे. भाषांना ८० चा लेखी पेपर आणि २० तोंडी वगैरे. बाकीच्या विषयांना ४०-४० चे दोन पेपर आणि २० गुण शाळेकडचे. आमच्यातल्या दोघांना हिंदीच्या जोडीला पाली घ्यायची इच्छा होती. दहावीला पाली हा विषय घेता येतो. पण आमच्या संपर्क केंद्राच्या शाळेत पाली शिकवत नव्हते, म्हणून हिंदीच घेतली. ज्यांना पाली पाहिजे त्यांनी शाळा निवडतानाच हे विचारून घ्यावे. आम्ही फॉर्म भरल्यावर विचारले.

मराठीची भीती नव्हती आणि तिनेच दगा दिला, व्याकरणात. हिंदी सगळ्यांना सिनेमामुळे येते असे वाटते, पण लिहिताना 'का-के-की'त सगळे गारद. सामाजिक शास्त्रात मात्र मजा आली. भूगोलाचे पुस्तक अख्खे भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना आहे. आमच्या मावशींना आता ॲमेझॉनचे खोरे, रिओ दि जानिरो, कॉफीचे मळे सगळे माहीत आहे. राज्यशास्त्राचा पहिलाच धडा 'संविधानाची वाटचाल', पुढे निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी. तिथे गुरुजींना शिकवावेच लागले नाही, दादाच शिकवायचे. त्यांचा आवाज इतका वाढायचा की बाजूच्या घरातून सांगावे आले, हळू बोला.

विज्ञानात आयाबाई पुढे. सजीवांतील जीवनप्रक्रिया, आनुवंशिकता, सामाजिक आरोग्य हे धडे मावशींनी असे सांगितले की कॉलेजची पोरे वही घेऊन बसली. भिंगांच्या धड्याला आमचे दोन नवीन चष्मे प्रयोगाला उपयोगी पडले. शाळेतल्या प्रात्यक्षिकाला मात्र घाम फुटला. परीक्षानळी हातात धरायची म्हणजे फुटली तर भरून द्यावी लागेल, हीच भीती. शाळेतल्या मॅडमनी समजून घेतले. सगळ्याच शाळा घेत नाहीत. आधी ज्या शाळेत आम्ही फॉर्मसाठी गेलो होतो तिथे खिडकीतूनच ऐकून घेतले, "आमचा निकाल खाली येतो, दुसरीकडे बघा." त्या शाळेचे नाव घेत नाही. पण आम्ही सहाजण एकदम खिडकीवरून मागे वळलो, तो क्षण विसरत नाही.

आणि गणित. गणिताला आम्ही 'ते' म्हणायचो. "आज ते आहे का?" असे विचारत यायचे. बीजगणिताच्या पुस्तकात 'अंकगणिती श्रेढी' नावाचा धडा आहे. नावानेच झोप येते. गुरुजींनी भिशीवर नेले. पहिल्या आठवड्याला दहा रुपये टाकले, दुसऱ्याला पंधरा, तिसऱ्याला वीस, असे बारा आठवडे. एकूण किती? आम्ही सूत्र शोधतोय तोवर पोळीभाजीवाल्या ताई म्हणाल्या, "साडेचारशे." गुरुजींनी फळ्यावर सूत्र लावून दाखवले, ४५० च आले. "कसे काढले?" तर म्हणाल्या, "पहिला आणि शेवटचा मिळून पंचाहत्तर, अशा सहा जोड्या." बंधूंनो, सूत्र तेच आहे! अर्थनियोजनाच्या धड्यात जी.एस.टी. होता, तिथेही ताईंचेच राज्य. भूमितीच्या रचना शिलाईवाल्या ताईंना सोप्या गेल्या. मुंढ्याचा गोल कापणाऱ्या हाताला कंपासचे काय कौतुक? फक्त त्यांचे माप इंचात यायचे, वहीत सेंटिमीटर. एकदा सहा सेंटिमीटरची रेघ त्यांनी सहा इंच काढली आणि त्रिकोण वहीच्या बाहेर गेला.

पण तोंडी उत्तर काढणे वेगळे आणि पेपरात पायऱ्या लिहिणे वेगळे. याची किंमत पुढे पोळीभाजीवाल्या ताईंनी मोजली.

१ मार्च २०२४, शुक्रवार, पहिला पेपर मराठीचा. अकराला पेपर, साडेदहाला आत. आम्ही पावणेदहालाच केंद्रावर. गेटवरचा शिपाई म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबा." दादांनी हॉलतिकीट काढून दाखवले. तो दादांकडे बघतो, हॉलतिकिटाकडे बघतो. मग मागच्या पाचजणी. मग म्हणाला, "जा काका, शांतपणे लिहा." आत बाके लहान. मावशींचे गुडघे अडकले. शेजारच्या मुलाने उठून बाक सरकवून दिले, आणि पेपर सुटल्यावर विचारले, "आजी, तुम्हाला पत्रलेखन कुठले आले?" सगळ्यांना एकच पेपर असतो हे त्यालाही माहीत होते, पण काहीतरी बोलायचे म्हणून बोलला. त्या वर्षी पेपर संपताना दहा मिनिटे वाढवून मिळत होती. ती दहा मिनिटे आमच्यासाठी सोन्याची. शाळेतली पोरे तेव्हा खिडकीबाहेर बघत बसायची, आम्ही लिहीतच.

निकाल २७ मे २०२४ ला लागला. दुपारी एकला विहारात सगळे जमले. कॉलेजच्या पोराच्या मोबाइलवर एकेक नंबर टाकायचा. धाकट्या वहिनी ६७ टक्के. शिलाईवाल्या ताई ५८. मदतनीस ताई ५१. मावशी ४३, आणि मावशींनी मोबाइल हातात घेऊन कपाळाला लावला. दादा इंग्रजीत २१, नापास. पोळीभाजीवाल्या ताई गणितात २४, नापास. त्यांची मुलगी त्याच दिवशी ७८ टक्क्यांनी पास.

इथे नियम नीट समजून घ्या, आम्हाला तो निकालानंतर कळला. पास व्हायला विषयाला ३५ लागतात. गणित आणि विज्ञान मिळून ७० झाले तरी चालते, म्हणजे एकात कमी असेल तर दुसऱ्यातले भरून निघते. पण दोन्हीत किमान २५ पाहिजेतच. ताईंना विज्ञानात ४९. बेरीज ७३. पण गणितात २४. एक गुण कमी. पायऱ्या न लिहिता नुसते उत्तर लिहून आलेल्या दोन गणितांचे जे गेले, ते गेले.

ताईंनी आठ दिवस केंद्र उघडले नाही. पेढे मुलीचे वाटायचे की नाही हेच घरात कुणाला कळेना. मुलगीही पेढे खाईना. आम्ही जाऊन बसायचो, त्या भांडी घासत राहायच्या. शेवटी गुरुजी गेले. त्यांनी उपदेश केला नाही. एवढेच सांगितले की, १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. ज्या माणसाला पुढे सारे जग विद्वान म्हणाले त्याचे हे मॅट्रिकचे गुण. आणि त्या यशाबद्दल सभा भरली, केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. टक्के काढा म्हणाले. ताईंनी परातीतल्या पिठावर बोटाने भागाकार केला. सदतीस पूर्णांक साठ. पायऱ्यांसकट. गुरुजी म्हणाले, "हेच पेपरात लिहायचे होते."

पूर्वी नापास झालेल्यांची ऑक्टोबरची वारी असायची. २०१५ पासून फेरपरीक्षा जुलैमध्ये होऊ लागली, म्हणजे वर्ष वाया जात नाही. जून महिनाभर आईला मुलीने शिकवले. पोळ्या लाटताना मुलगी समोर पुस्तक धरून बसायची. "आई, उत्तर सांगू नकोस, पायरी सांग." एकदा आईने लाटणे उगारले असेही ऐकतो. जुलैत ताईंना गणितात ३८ मिळाले. तेव्हा दोघींचे पेढे एकदम वाटले. आजच्या श्रोत्यांतल्या पुष्कळांनी ते खाल्ले आहेत.

दादांचे इंग्रजी अजून राहिले आहे. जुलैत २३ झाले. रात्रपाळी करून दिवसा 'पॅसेज' वाचताना डोळा लागतो, हे खरे कारण आहे. त्यांना आम्ही सांगितले की मुक्त विद्यालयात पाच विषयांत एकच भाषा घेतली तरी दहावी होते, इंग्रजी सक्तीचे नाही. पास झालेल्या दोन विषयांचे गुणही तिकडे नेता येतात. दादा ऐकत नाहीत. "सोसायटीतली चिमुरडी पोरं गुड इव्हिनिंग अंकल म्हणून पुढचं काहीतरी बोलतात, ते मला कळलं पाहिजे." आमच्यातल्या दोघींचे मत आहे की त्यांनी हट्ट सोडून आधी कागद हातात घ्यावा. बाकीच्यांचे मत वेगळे आहे. ते भांडण अजून मिटलेले नाही.

आणि पास होऊन काय मिळाले, हेही खरे तेच सांगायला पाहिजे. मावशींना पुढच्या यादीत घेतो म्हणाले आहेत, अजून घेतलेले नाही. पण जुना सोनेरी कागद त्यांनी स्वतः जाऊन साहेबांच्या टेबलावर फाडला आणि नवा ठेवला. मदतनीस ताईंना सेविका व्हायचे होते. पूर्वी सेविकेला दहावी चालायची. २०२३ पासून नव्या भरतीला बारावी मागायला लागले. म्हणजे आम्ही फॉर्म भरला त्या वर्षीच पायरी वर सरकली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. ताई चार दिवस गप्प होत्या. बारावीलाही सतरा नंबरचा फॉर्म असतो, फक्त दहावीनंतर दोन वर्षे जावी लागतात. ती वर्षे त्या मोजत आहेत. धाकट्या वहिनी अकरावीला गेल्या, रोज सकाळी सात वाजता डबा करून. शिलाईवाल्या ताईंनी काहीही मागितले नव्हते. त्यांनी गुणपत्रिका फ्रेम केली आणि परभणीला जाऊन बापाच्या फोटोशेजारी लावून आल्या. म्हाताऱ्या आईने विचारले, "नाव कुणाचं लिवलंय?" ताईंनी बापाचे नाव वाचून दाखवले.

आता आजींचे राहिले. आजींचे वय ६३, शाळा चौथीपर्यंत. पाचवी नाही म्हणून सतरा नंबर भरता आला नाही. तरी वर्षभर त्या आमच्याबरोबर बसल्या, ब्राझील त्यांनाही पाठ आहे. आपल्या राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ आहे, ते पाचवीची आणि आठवीचीही समकक्ष परीक्षा घेते, हे आम्हाला फार उशिरा कळले. आता आजींचा पाचवीचा फॉर्म भरायचा आहे. ज्यांची पाचवी झालेली नाही त्यांनी आजींबरोबर भरावा. ज्यांची झाली आहे त्यांनी सतरा नंबरसाठी येत्या रविवारी वंदनेनंतर इथेच थांबावे. येताना दाखला, आधार कार्ड आणि दोन फोटो आणावेत. दाखला नसेल तर गावाचे आणि शाळेचे नाव, अंदाजे साल एवढे तरी लिहून आणावे. बाकीचे आम्ही बघू, रजिस्टरचे पान कसे शोधायचे ते आम्हाला आता येते.

आजींचा फोटो काल काढला. फोटोवाल्याने सांगितले चष्मा काढा. आजी म्हणाल्या, "चष्म्यासकट काढ, नाहीतर परीक्षेला ओळखणार कसे?"

जयभीम.